चार भाषांचा देश आणि त्याचा रेडिओ: स्वित्झर्लंडबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी झुरिकजवळच्या एका गावात अठरा वर्षं राहते. सकाळी आधी रेडिओ, मग चहाचं आधण, हा माझा क्रम सांगलीतल्या माहेरापासूनचा आहे आणि तो इथेही मोडला नाही. त्यामुळे सुट्टीत घरी गेले, किंवा इथे गणपतीत मराठी मंडळी जमली, की कुणी ना कुणी रेडिओचा विषय काढतंच. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

या देशाची स्वतःची अशी एक भाषा नाही. मग रेडिओ बोलतो तरी कुठल्या भाषेत?

चारही भाषांत बोलतो, आणि प्रत्येक भाषेचं घर वेगळं आहे. साधारण 90 लाख लोकवस्तीचा हा देश आहे, आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याहूनही लहान. त्यात ढोबळ मानाने 62 टक्के लोक जर्मन बोलतात, 23 टक्के फ्रेंच, 8 टक्के इटालियन आणि अर्धा टक्का रोमान्श. सार्वजनिक प्रसारणाची संस्था एकच, एसआरजी, स्थापना 1931 सालची. तिच्याखाली जर्मनसाठी एसआरएफ, फ्रेंचसाठी आरटीएस, इटालियनसाठी आरएसआय आणि रोमान्शसाठी आरटीआर अशी चार केंद्रं आहेत. प्रत्येकाचे संपादक वेगळे, निवेदक वेगळे, सकाळचं बातमीपत्र वेगळं.

लोकांना वाटतं की झुरिकला बातमी तयार होते आणि बाकीचे तिचा अनुवाद वाचतात. तसं मुळीच नाही. फ्रेंच बोलणाऱ्या जिनिव्हाच्या माणसाला बर्नच्या संसदेतलं जे महत्त्वाचं वाटेल ते इटालियन बोलणाऱ्या लुगानोच्या माणसाला वाटेलच असं नाही, आणि रेडिओ ते गृहीत धरून चालतो. मला या देशात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच.

रोमान्श म्हणजे नेमकं काय? ही भाषा अजून जिवंत आहे का?

जिवंत आहे, आणि त्यात रेडिओचा हात मोठा आहे.

देशाच्या पूर्वेला ग्राउब्युंडेन नावाचा कँटन आहे. कँटन म्हणजे इथलं राज्य. हा कँटन म्हणजे नुसत्या दऱ्याच दऱ्या. लॅटिनमधून उतरलेली रोमान्श या दऱ्यांमध्ये टिकून राहिली, पण एकसंध नाही. सुरसिल्वान, सुत्सिल्वान, सुरमिरान, पुतेर आणि वालादेर अशा तिच्या पाच लेखी बोली आहेत. प्रत्येकीचं स्वतःचं शुद्धलेखन, स्वतःची शाळेची पुस्तकं. रोमान्श ही मुख्य भाषा म्हणून सांगणारे लोक सगळे मिळून 40 हजारांच्या आसपास. सांगलीत एखाद्या मोठ्या उपनगरात मावतील एवढे.

1938 साली देशभर मतदान होऊन रोमान्शला राष्ट्रभाषेचा मान मिळाला. दहातल्या नऊ जणांनी हो म्हटलं. शेजारी हिटलर आणि मुसोलिनी होते, भाषेच्या नावावर सीमा सरकवल्या जात होत्या, आणि त्या वेळी या देशाने आपल्या सगळ्यात लहान भाषेला जवळ घेतलं. रेडिओवर मात्र तिला स्वतःची जागा मिळायला फार वेळ लागला. सुरुवातीला जर्मन केंद्राच्या वेळेतून उसनी घेतलेली काही मिनिटं, मग थोडा वेळ, मग आणखी थोडा. आज खूर शहरातून आरटीआरचा रेडिओ दिवसभराचा कार्यक्रम करतो.

1982 साली हाइनरिख श्मिड या झुरिकच्या भाषाशास्त्रज्ञांनी मुख्यतः सुरसिल्वान, वालादेर आणि सुरमिरान या तीन बोलींचा मेळ घालून रुमांत्श ग्रिशुन नावाची एक सामायिक लेखी भाषा तयार केली. सरकारी कागदांना ती उपयोगी पडली. शाळांत तिच्यावरून कडाक्याचे वाद झाले, कारण आपल्या आजीची बोली सोडून कागदावर बांधलेली भाषा मुलांना का शिकवायची, असं आईबापांना वाटलं. रेडिओने जो मार्ग काढला तो मला शहाणपणाचा वाटतो. बातम्यांसारख्या लिहून वाचायच्या मजकुराला सामायिक भाषा चालते, आणि निवेदक बोलू लागला की आपापल्या दरीची बोली बोलतो. एंगाडीनचा निवेदक "आल्लेग्रा" म्हणून नमस्कार करेल, तर दुसऱ्या दरीतला "बुन दी" म्हणेल. रोज ऐकून ऐकून एका दरीतल्या माणसाला दुसऱ्या दरीतली बोली कळायला लागते. कोकणातल्या माणसाला रेडिओवर वऱ्हाडी रोज ऐकू आली असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात दर वेळी येतो.

एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळं केंद्र? पैसे कोण देतं?

सगळे देतात. इथे प्रत्येक घराला वर्षातून एकदा रेडिओ-टीव्हीचं शुल्क भरावं लागतं. सध्या ते 335 फ्रँक आहे. 2027 पासून 312 आणि 2029 पासून 300 करायचं सरकारने ठरवलं आहे. घरात रेडिओ असो वा नसो, शुल्क लागतंच. हा नियम 2015 च्या जनमतात चार हजारांहूनही कमी मतांच्या फरकाने मंजूर झाला, यावरून विषय किती नाजूक आहे ते कळेल. वृद्धापकाळाच्या किंवा अपंगत्वाच्या पेन्शनला जोडून मिळणारं सरकारी पूरक साहाय्य घेणाऱ्यांना माफी मिळते. एसआरजीच्या रेडिओवर जाहिराती नाहीत, म्हणून सगळी भिस्त या शुल्कावरच.

आता मुद्द्याचं. जमा होणाऱ्या शंभर फ्रँकांपैकी सत्तरच्या आसपास जर्मन भागातून येतात, पण त्या भागाच्या वाट्याला पंचेचाळीसच्याही आत जातात. फ्रेंचला तेहेतीसच्या आसपास मिळतात. इटालियन भागातून जेमतेम चार-पाच येतात आणि तिकडे वीसहून जास्त जातात. रोमान्शला साधारण दोन. म्हणजे जर्मन बोलणारा माणूस, ज्याला इटालियनचा एक शब्द येत नाही, तो डोंगरापलीकडच्या तिचिनो या इटालियन भाषक कँटनचा रेडिओ चालवतो.

मी पहिल्यांदा हे आकडे वाचले तेव्हा हिशेब चुकलाय असंच वाटलं. मग लक्षात आलं, बातमीपत्र चार लाख लोकांसाठी करा नाहीतर साठ लाखांसाठी, बातमीदार तेवढेच लागतात, माइक तेवढेच लागतात. डोकी मोजून पैसे वाटले तर लहान भाषेला कायम अर्धवट रेडिओ मिळेल, आणि अर्धवट रेडिओ कुणी ऐकत नाही. मग एक दिवस कुणीतरी म्हणेल, ऐकतच नाहीत तर बंद करा. आपल्याकडच्या कितीतरी बोलींचं हेच झालं आहे.

हे लोकांना मान्य आहे?

शुल्कच रद्द करावं, असा प्रस्ताव 4 मार्च 2018 ला मतदानाला आला होता. 71.6 टक्के लोकांनी तो फेटाळला, आणि एकूण एक कँटनने फेटाळला. त्याआधीचे कित्येक आठवडे ट्रेनमध्ये, ऑफिसात, लाँड्रीच्या खोलीत याच्यावरच बोलणं चाले. शुल्क जास्त आहे अशी कुरकूर बहुतेकांची होती. तरी मत देताना डोंगरापलीकडच्यांचा विचार झाला. शुल्काची रक्कम किती असावी, हा वाद मात्र तेव्हाही मिटला नाही आणि पुढेही अधूनमधून डोकं वर काढत राहिला.

मी जर्मनची परीक्षा पास होऊन आले, पण इथल्या रेडिओवरचं काही कळत नाही. माझं काय चुकतंय?

काहीही चुकत नाही. हा प्रश्न मला नव्याने आलेल्या प्रत्येक मुलीने विचारला आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

इथले जर्मन भाषक लिहितात प्रमाण जर्मन आणि बोलतात स्विस जर्मन, म्हणजे आपापल्या गावची बोली. एसआरएफच्या पहिल्या आणि तिसऱ्या वाहिनीवर निवेदक बोलीतच बोलतात, तेही आपापल्या बोलीत. बर्नची निवेदिका संथ, स्वर ओढून बोलते. झुरिकचा भरभर बोलतो. व्हाले कँटनचा कुणी आला तर माझ्या झुरिकच्या मैत्रिणीही कान टवकारतात, कारण ती बोली त्यांनाही धड कळत नाही. पण बातम्या लागल्या रे लागल्या की भाषा बदलते आणि स्वच्छ प्रमाण जर्मन सुरू होतं. त्याचं एक कारण असं, की फ्रेंच आणि इटालियन भागातली मुलं शाळेत प्रमाण जर्मन शिकतात. बातम्याही बोलीत दिल्या तर आपल्याच देशबांधवांना दार लावल्यासारखं होईल.

म्हणून पहिले सहा महिने फक्त बातम्या ऐका. संध्याकाळी 'एखो डेर त्साइट' ऐका. हा वार्तांकनाचा कार्यक्रम सप्टेंबर 1945 पासून चालू आहे. त्यातली भाषा स्पष्ट, वाक्यं बेतशीर, आणि एकेका विषयाला चांगली पाच-सहा मिनिटं दिलेली. मी याच कार्यक्रमावर जर्मन शिकले. भांडी घासताना ऐकायचे, न कळलेला शब्द फ्रिजवरच्या कागदावर लिहायचे, आणि रात्री शब्दकोश उघडून बसायचे. वर्षभराने बोलीकडे वळा. 'श्नाबेलवाइड' नावाचा कार्यक्रम फक्त बोलींवर आहे. एखादा शब्द कुठून आला, अमुक दरीत त्याला काय म्हणतात, या आडनावाचा अर्थ काय, असल्या श्रोत्यांच्या प्रश्नांना तिथे अभ्यासक उत्तरं देतात. पत्रं पाठवणारे लोक भाषेवर इतकं प्रेम करतात की ऐकताना भरून येतं.

बोलीला रेडिओवर इतका मान कसा, याच्यामागे इतिहास आहे. 1930 च्या दशकात नाझी जर्मनीचा रेडिओ सीमेपलीकडून प्रमाण जर्मनमध्येच गर्जत होता. आपण वेगळे आहोत हे सांगायला स्विस लोकांजवळ बोली होती. पुढे 1980 च्या दशकात स्थानिक केंद्रं आली आणि बोलीचं राज्य आणखी पसरलं. फ्रेंच भाषक मात्र यावर नाराज असतात. शाळेत सात वर्षं जर्मन शिकून झुरिकला उतरलं की कान बंद पडतात, ही त्यांची तक्रार मला पूर्ण पटते.

जुन्या रेडिओच्या काचेवर 'बेरोम्युन्स्टर' असं लिहिलेलं असतं. ते काय आहे?

लुत्सर्न कँटनमधलं एक छोटं गाव. माझ्या शेजारच्या आजींकडे त्यांच्या वडिलांचा लाकडी रेडिओ आहे. पुढच्या काचेवर पिवळट अक्षरांत व्हिएन्ना, स्ट्रासबुर्ग, श्टुटगार्ट अशी मोठमोठ्या शहरांची नावं, आणि त्यांच्याच रांगेत, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत, हे गाव. बटण फिरवलं की सुई सरकते आणि त्या नावाखाली येऊन थांबते. तिथली काच थोडी घासलेली दिसते. घरातली मुलं नेमकं तिथेच बोट टेकवायची, असं आजी सांगतात.

एसआरजी स्थापन झाल्यावर सरकारने प्रत्येक मोठ्या भाषेसाठी एकेक मध्यमलहरी प्रक्षेपक उभा केला. 1931 मध्ये जर्मनसाठी बेरोम्युन्स्टर आणि फ्रेंचसाठी सोतांस, मग 1933 मध्ये इटालियनसाठी मोंते चेनेरी. कार्यक्रम स्टुडिओंतून व्हायचे, झुरिक, बर्न, बाझल, लोझान, जिनिव्हा, लुगानो इथून, पण लोकांच्या तोंडी प्रक्षेपकाचंच नाव बसलं. रेडिओ बेरोम्युन्स्टर, रेडिओ सोतांस, रेडिओ मोंतेचेनेरी. रोमान्शला तेव्हा प्रक्षेपक मिळाला नाही.

मध्यमलहरींवरची ही तिन्ही केंद्रं एकामागून एक शांत झाली. मोंते चेनेरी 2008 च्या उन्हाळ्यात, बेरोम्युन्स्टर त्याच वर्षी 28 डिसेंबरला, सोतांस डिसेंबर 2010 मध्ये. बेरोम्युन्स्टरचा 215 मीटर उंचीचा मनोरा मात्र पाडला नाही. तो वारसा म्हणून जपला आहे. मी गेले आहे तिथे. चहूकडे गवत, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि मध्येच मान दुखेपर्यंत वर बघायला लावणारा तो लोखंडी मनोरा.

दुसऱ्या महायुद्धात स्विस रेडिओचं नाव झालं ते कशामुळे?

शुक्रवार संध्याकाळच्या एका भाषणामुळे. फेब्रुवारी 1940 मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक जाँ रुडोल्फ फॉन सालिस यांना बेरोम्युन्स्टरवर जगाच्या घडामोडींचा आढावा घ्यायला सांगितलं गेलं. सांगणारे होते त्या वर्षीचे राष्ट्राध्यक्ष पिले-गोला. कार्यक्रमाचं नाव 'वेल्टक्रोनिक', म्हणजे जगाची बखर. 1947 पर्यंत तो चालला.

देश तटस्थ होता आणि चारही बाजूंनी वेढलेला. एक शब्द वाकडा गेला तर बर्लिनहून निषेध येणार. सालिस आरडाओरडा करत नसत. आघाडी कुठे सरकली, कुणाची रसद कुठे तुटली, कोणत्या शहराचं नाव आज पहिल्यांदा बातमीत आलं, हे ते शांत, कोरड्या आवाजात एकामागून एक मांडत, आणि अर्थ काढणं ऐकणाऱ्यावर सोडत. जर्मनीत परदेशी रेडिओ ऐकणं हा युद्ध सुरू झाल्याच्या दिवसापासून गुन्हा होता. तरी लोक पांघरुणाखाली, आवाज अगदी बारीक करून ऐकत. ताब्यात घेतलेल्या देशांतही ऐकत. ज्यांना लंडनचा प्रचार आणि बर्लिनचा प्रचार दोन्ही नको होते, त्यांच्यासाठी हा एक आवाज होता. आजींच्या घरी त्या वेळी कुणी काटा-चमचासुद्धा वाजवायचा नाही, असा वडिलांचा दंडक होता.

दुपारी साडेबाराच्या बातम्यांनाही असाच मान होता. जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प. पुढेही कितीतरी वर्षं स्विस घरांत ही चाल टिकून होती. आमच्या घरी सकाळी सातच्या बातम्यांना बाबा हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे, ते आठवतं.

इतक्या डोंगरांत रेडिओ पोहोचला कसा?

टेलिफोनच्या तारेने! 1931 पासून इथे अशी सोय होती की घरच्या टेलिफोन लाइनला एक खास संच जोडला की त्यावरून रेडिओचे कार्यक्रम यायचे. पुढे त्यावर सहा कार्यक्रम निवडता येत. बटण फिरवायचं, एक ते सहा. खरखर नाही, वीज कडाडली तरी आवाज स्वच्छ, आणि दोन कड्यांच्या मधल्या गावातसुद्धा झुरिकइतकाच स्पष्ट. मुख्य म्हणजे जर्मन गावात बसून फ्रेंच कार्यक्रम ऐकता यायचा. हॉटेलांत आणि इस्पितळांत तर हे संच सर्रास असत. एफएम सगळीकडे पोहोचल्यावर गरज कमी होत गेली आणि 1990 च्या दशकाच्या शेवटी ही सेवा थांबली. इंटरनेटवरचा रेडिओ दाखवून कुणी मला नवलाई सांगू लागलं की मला हा संच आठवतो.

खासगी रेडिओ कधी आला?

कायद्याने 1 नोव्हेंबर 1983 ला. पण खरी सुरुवात चार वर्षं आधी, आणि तीही इटलीतून. रोजर शाविन्स्की या झुरिकच्या पत्रकाराने सीमेपलीकडच्या पिझ्झो ग्रोपेरा या जवळजवळ 3000 मीटर उंच शिखरावर एफएमचा जबरदस्त प्रक्षेपक बसवला आणि नोव्हेंबर 1979 मध्ये तिथून थेट झुरिकच्या दिशेने 'रेडिओ 24' सुरू केला. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. लोकांनी गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून अँटेना लावल्या. इटलीच्या अधिकाऱ्यांनी केंद्र पुन्हा पुन्हा बंद पाडलं, ते पुन्हा पुन्हा सुरू झालं. झुरिकमध्ये तरुण रस्त्यावर उतरले, अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. शेवटी सरकारला स्थानिक केंद्रांना परवाने द्यावे लागले.

तरुणांना त्यांच्या आवडीची गाणी ऐकवायला कुणी नव्हतं, एवढंच त्या चळवळीचं मूळ. एसआरजीनेही मग घाईने तरुणांसाठी तिसरी वाहिनी काढली. स्पर्धेने इथे तरी भलंच झालं, असं माझं मत आहे.

एफएम बंद झालं म्हणतात, ते खरं का?

एसआरजीचं एफएम 31 डिसेंबर 2024 ला बंद झालं. चारही भाषांतलं, एकाच वेळी. खासगी केंद्रांना अधिक मुदत मिळाली. आता एसआरजी ऐकायला डीएबी प्लस नावाच्या डिजिटल पद्धतीचा संच लागतो, नाहीतर इंटरनेट. नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम असंच थांबवलं होतं.

बाजू दोन्ही आहेत. एकच कार्यक्रम दोन पद्धतींनी पाठवायचा खर्च मोठा होता, आणि एफएमच्या पट्ट्यात जागा मर्यादित. डीएबीमुळे झालेला मोठा फायदा भाषेचाच आहे. आज झुरिकमध्ये साध्या संचावर जिनिव्हाचा फ्रेंच रेडिओ, लुगानोचा इटालियन आणि खूरचा रोमान्श हे सगळे स्वच्छ लागतात. पोटापाण्यासाठी झुरिकला आलेल्या रोमान्श माणसाला घरची बोली स्वयंपाकघरात ऐकू येते. हे एफएमवर जमलं नसतं. पण एफएम बंद झाल्यावर एसआरजीचे श्रोते लक्षात येण्याजोगे घटले, आणि जुन्या गाड्यांतले रेडिओ मुके झाले. माझ्या मते घाई झाली. म्हाताऱ्या माणसांच्या हाताला बटणाची सवय असते, आणि ती सवय मोडायला वेळ द्यायला हवा होता.

1 जानेवारीच्या सकाळी मी शेजारच्या आजींकडे गेले होते. नवा संच त्यांच्या मुलाने नाताळातच आणून ठेवला होता, पण त्यांनी सवयीने स्वयंपाकघरातला जुनाच लावला होता आणि त्यातून नुसतीच खरखर येत होती. आम्ही दोघींनी नवा संच खिडकीत ठेवला, केंद्र शोधलं आणि त्यांच्या वाहिनीच्या बटणावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून दिला. नंतर माझ्या सासूबाईंच्या टीव्हीच्या रिमोटवरही तोच उपाय केला.

सायरन वाजला की रेडिओ लावा म्हणतात, ते का?

हे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. देशात सुमारे 7,200 सायरन आहेत. दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी दीड वाजता त्यांची चाचणी होते. त्या दिवशी घाबरू नका. इतर कुठल्याही वेळी एक मिनिट चढत-उतरत जाणारा आवाज आला, तर सूचना एकच असते: रेडिओ लावा आणि शेजाऱ्याला सांगा. काय झालंय, खिडक्या लावायच्या की बाहेर पडायचं, हे रेडिओ सांगतो, त्या त्या भागाच्या भाषेत. घरात बॅटरीवर चालणारा एक छोटा संच असू द्या. अलर्टस्विस हे ॲपही आहे, पण वीज आणि मोबाइल दोन्ही गेले तर बॅटरीचाच आधार.

चार सोडून बाकी भाषांचं काय? मराठी कुठे लागते का?

सार्वजनिक रेडिओवर नाही. पण झुरिकचा रेडिओ लोरा, बर्नचा राबे अशी लोकांनी चालवलेली बिनव्यापारी केंद्रं आहेत. लोरा 1983 पासून चालू आहे. इथे स्थलांतरित मंडळी आपापल्या भाषेत कार्यक्रम करतात, स्पॅनिश, तुर्की, कुर्दी, तमिळ अशा कितीतरी. श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी अशा केंद्रांचा फार चांगला उपयोग करून घेतला. मराठी मंडळींनी महिन्याला एक तास मागितला तर मिळू शकेल, असं मी दर गणपतीत सांगते. दोन मुली यंदा तयार झाल्या आहेत.

पूर्वी भारतात लघुलहरींवर स्विस रेडिओ लागायचा. तो गेला कुठे?

स्विस रेडिओ इंटरनॅशनल. माझ्या मामांनी रात्री जागून तो ऐकला होता आणि कार्यक्रम ऐकल्याची पोच म्हणून आलेलं आल्प्सचं चित्र असलेलं कार्ड देवघराशेजारच्या कपाटात जपलं होतं. कार्यक्रम सुरू होण्याआधी एका स्विस संध्यागीताची धून चावीच्या म्युझिक बॉक्सवर वाजायची. मामा ती धून शिट्टीवर वाजवायचे. इथे आल्यावर एका गावच्या जत्रेत मुलांना तेच गाणं म्हणताना ऐकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. लघुलहरींवरचं प्रसारण ऑक्टोबर 2004 मध्ये संपलं. त्या सेवेचा वारसा आता स्विसइन्फो हे संकेतस्थळ चालवतं, दहा भाषांत. त्यांत भारतीय भाषा एकही नाही.

मला भारतात बसून ऐकायचं आहे. कुठून सुरुवात करू?

चारही केंद्रांचं थेट प्रसारण इंटरनेटवर आहे आणि बाहेरूनही ऐकता येतं. जर्मन येत असेल तर रविवारी सकाळी 'पेर्झ्योनलिख' ऐका. दोन पाहुणे, गप्पा, समोर श्रोते. फ्रेंच येत असेल तर आरटीएसची ला प्रेमिएर ही वाहिनी.

भाषा कुठलीच येत नसेल तर शनिवारी संध्याकाळी एसआरएफ 1 वर सातच्या थोडं आधी 'ग्लोकन डेर हाइमाट' ऐका. दर आठवड्याला एका वेगळ्या गावच्या चर्चच्या घंटा. निवेदक गावाचं नाव सांगतो, घंटा कधी ओतली, कोणती किती जुनी ते दोन वाक्यांत सांगतो, आणि मग फक्त घंटा. आधी एक, मग दुसरी तिच्यात मिसळते, मग सगळ्या. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात रात्रीचे साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजत आलेले असतात. निजानीज झालेली असेल, तर आवाज बारीक ठेवून ऐका.